पिल्लू चार दिवस जवळ येतं आणि पुन्हा कपाटामागं जाऊन बसतं, तेव्हा

मिरगाचा पाऊस सुरू झाला की बेळगाव भागात एक तक्रार हटकून कानावर येते. परड्यातल्या गंजीतून, कौलाखालच्या माळ्यावरून, बंद दुकानाच्या पायरीखालून कुणीतरी मांजराचं भिजलेलं पिल्लू उचलून घरात आणतं. दोन दिवस ते नजरेला पडत नाही. मग दबकत बाहेर येतं, वाटीतलं खातं, एखाद्या संध्याकाळी पायाला पाठ घासून जातं. घरातली मंडळी खूश. आणि एके सकाळी पुन्हा कपाटामागं. हात पुढं केला की फिस्स. "कालपर्यंत बरं होतं की हो, आज काय झालं त्याला?"

नवं पिल्लू पहिल्यांदा लपतं त्याची काळजी करू नका. आईपासून तुटलेलं, वास अनोळखी, आवाज अनोळखी. ते लपलं नसतं तर उलट मला शंका आली असती. खरी अडचण दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा लपण्याची. त्यामागं बहुतेक वेळा एखादी नेमकी गोष्ट असते आणि ती मागच्या एक-दोन दिवसांत त्याच घरात घडलेली असते. "हे जातीचंच भित्रं" असं एकदा म्हटलं की शोध तिथंच संपतो. म्हणून स्वभावाचं राहू द्या आणि परवापासून घरात काय बदललं ते आठवा. पाहुणे आले? फरशीला नवं काही लावलं? कुणी झोपेतून उचललं? मधेच कुणी आंघोळ घातली?

दुखणं नाही ना, ते आधी

मांजर दुखणं लपवतं. घाबरलेलं पिल्लू आणि आजारी पिल्लू दोन्ही कोपऱ्यातच बसतात, त्यामुळं फसगत होते. फरक वाटीत कळतो. भ्यालेलं पिल्लू तुमच्यासमोर खाणार नाही, पण रात्री घर निजलं की येऊन वाटी साफ करील आणि वाळूच्या ट्रेमध्येही जाऊन येईल. आजारी पिल्लाची वाटी सकाळी तशीच असते. एवढ्याशा जिवानं दिवसभर काही खाल्लं नाही तर रक्तातली साखर उतरते, तेव्हा "उद्या बघू" म्हणत बसू नका, जनावरांचा दवाखाना गाठा. शिंका, डोळ्यांत चिकटा, ढाळ, गुलाबीऐवजी पांढुरक्या हिरड्या, यांतलं काही दिसलं तरी तेच करायचं. हिरड्या पांढुरक्या असतील तर अंगावरचे केस उलटे करून पिसवा बघा. पिसवा फार झाल्या तर छोट्या पिल्लाच्या अंगात रक्त उरत नाही. मात्र घरात कुत्र्यासाठी आणलेली पिसवांची पावडर किंवा थेंब चुकूनही लावू नका. त्यांत बऱ्याचदा परमेथ्रिन असतं आणि मांजराला ते विष आहे. पॅरासिटामॉलची गोळी तर तुकडाभरही नको, जीव जातो.

स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा असेल तर आठवड्यातून दोनदा पिल्लाला भांड्यात बसवून वजन करा. वाढतं पिल्लू आठवड्याला साधारण १०० ग्रॅम भरतं. लपतंय, फिसकारतंय, पण वजन चढतंय, तर प्रकरण भीतीचंच आहे आणि हाताबाहेर गेलेलं नाही.

दुसरी बघायची गोष्ट वय. पिल्लाचे डोळे उघडतात तेव्हा निळे असतात आणि सहा-सात आठवड्यांनंतर रंग बदलू लागतो. माणसाची सवय लागायला सगळ्यात सोपा काळ दुसऱ्या आठवड्यापासून सातव्यापर्यंतचा. त्या काळात ज्याला माणसाचा प्रेमाचा हात लागला ते लवकर रुळतं. गंजीत वाढलेलं, तीन-चार महिन्यांचं झालेलं पिल्लू पकडून आणलं असेल तर हिशेब महिन्यांचा धरा. त्यातली काही मांडीवर कधीच येणार नाहीत. घरात वावरतील, हाक मारली की जेवायला येतील, पण उचलून घेऊ देणार नाहीत. ते मान्य नसेल तर पिल्लू आणण्याआधीच विचार केलेला बरा.

डोळे अजून निळेच असतील तर पिल्लू आईपासून लवकर तुटलंय. निदान आठ आठवडे ते आईजवळ राहायला हवं. मांजर पिल्लांना सात घरं फिरवते असं आपल्याकडं म्हणतात, त्यात तथ्य आहे. भाटी जागा बदलत असते, एकाला ठेवून दुसऱ्याला आणायला गेलेली असते. एकटं दिसलं की टाकून दिलेलं असं समजू नका. पावसात भिजत नसेल आणि कुत्र्यांची भीती नसेल तर काही तास लांबून लक्ष ठेवा. आई आली नाही तर उचला, आणि घरी आणल्यावर कोमट पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून त्याच्याशेजारी ठेवा. गारठलेलं पिल्लू ना खातं, ना ओळख वाढवतं.

सगळं घर एकदम देऊ नका

सोपा, माजघर, स्वयंपाकघर, न्हाणी, मागं परडं अशी लांबलचक घरं खानापूरकडं, शहापुरात, जुन्या गल्ल्यांतून अजून आहेत. आपल्याला ती मोकळी वाटतात. अर्ध्या किलोच्या जिवाला प्रत्येक दार म्हणजे कुठून काय येईल याची धास्ती. पहिले दहा-पंधरा दिवस त्याला एकच छोटी खोली द्या, जिथं वर्दळ कमी आहे. खोलीत एक पुठ्ठ्याचं खोकं आडवं घाला, आत जुनी सुती साडी, घरातल्या माणसानं वापरलेली, न धुतलेली. एका कोपऱ्यात पाणी आणि वाटी, समोरच्या कोपऱ्यात वाळूचा ट्रे. ट्रे वाटीला चिकटून ठेवला तर पिल्लू तिथं जाणार नाही, गादीवर जाईल, आणि मग घरातले चिडतील.

लपायची जागा तुम्ही दिली नाही तर ते स्वतः शोधतं: फ्रिजची मागची बाजू, सिलिंडरचा कोनाडा, वॉशिंग मशीनची पोकळी, माळ्याच्या तुळया. खोक्यात लपलेलं पिल्लू तुम्हाला बघत असतं. तुम्ही येता, बसता, जाता, काही वाईट होत नाही, हे ते बघून बघून शिकतं. फ्रिजमागचं पिल्लू नुसतं ऐकतं, आणि ऐकलेल्या गोष्टींची भीती लवकर जात नाही. म्हणून त्या फटी आधी बुजवा, मगच पिल्लू खोलीत सोडा.

एक नियम मात्र मोडायचा नाही. खोक्यात हात घालून त्याला ओढून बाहेर काढायचं नाही. पाहुणे बघायला आलेत, लेकरू रडतंय, फोटो काढायचाय, काहीही कारण असो. जवळ आलेलं पिल्लू पुन्हा लांब जाण्याची जी कारणं मला सापडत आलीत, त्यांत हे पहिल्या नंबरला आहे. आठवडाभर कमावलेलं एका ओढण्यात जातं.

वासाचं म्हणाल तर फिनेल. रोज फिनेलनं फरशी पुसणारी घरं आपल्याकडं पुष्कळ. फिनेलमधलं फिनॉल मांजराच्या यकृताला नीट पचवता येत नाही, पंजाला लागलेलं ते चाटतं आणि त्यातून विषबाधा होऊ शकते. शिवाय आपला स्वतःचा वास पुसला गेला की पिल्लाला ती खोली पुन्हा परकी होते. साध्या साबणाच्या पाण्यानं पुसा. कपाटातल्या डांबरगोळ्याही त्या खोलीत नकोत. निपाणी भागात घरी विड्या वळणाऱ्या बाया सूप मांडीवर घेऊन बसतात, तिथं पिल्लू मांडीशी यायला लागलं तर कौतुक वाटतं, पण तंबाखूही त्याला विषारीच. काम संपवून, हात धुऊन, मग त्याला घ्या.

आवाज

वडगाव, खासबागच्या विणकर घरांत यंत्रमाग दिवसभर खडखडत असतो, आणि भिंतीपलीकडच्या खोलीत मांजर पाय ताणून झोपलेलं असतं. एका चालीनं चालणाऱ्या आवाजाची मांजराला सवय होते. भीती असते ती मधूनच, न सांगता येणाऱ्या आवाजाची: कुकरची शिट्टी, मिक्सर, पत्र्यावर अचानक कोसळलेली सर, भांडं पडणं, दार आपटणं. माणसाला २० किलोहर्ट्झच्या वरचं ऐकू येत नाही, मांजराला ६० च्याही पुढचं ऐकू येतं. आपल्याला शांत वाटणाऱ्या खोलीत त्याच्यासाठी एखादा चार्जर किंवा ट्यूबलाइट किणकिणत असू शकते.

वर्षाचं पंचांग बघून पिल्लू आणावं असं मी कुणाला सांगत नाही, तरी वैशाखातल्या शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक, गणपती आणि दिवाळी हे तीन काळ धरून चला. ढोल, डॉल्बी, फटाके. रुळत आलेलं पिल्लू या दिवसांत हमखास मागं जातं. मिरवणूक गल्लीतून जायची असेल तर दुपारीच खोलीची खिडकी बंद करून जाड चादर लावा, पंखा मोठा करा, खोक्यावर घोंगडी टाका आणि पोटभर खायला घाला. तुम्ही खोलीत असाल तर नेहमीचं काम करत बसा. "घाबरलं का रे बाळा" म्हणत त्याला छातीशी आवळलं तर त्याला सुटकेची वाट उरत नाही, आणि नखं बसतात ती तुम्हालाच.

हात कुठून येतो

आता मुख्य गोष्ट. पिल्लानं आपल्याकडं यायचं असतं, आपण त्याच्याकडं जायचं नसतं. ऐकायला सोपं, पाळायला अवघड, कारण एवढंसं गोजिरवाणं काही समोर असलं की हात आपोआप पुढं जातो.

रोज ठरावीक वेळी खोलीत जाऊन जमिनीवर बसा. उभा माणूस पिल्लाला डोंगराएवढा वाटतो. तोंड त्याच्याकडं करू नका, कुशीनं बसा. मोबाइल बघा, भाजी निवडा, किंवा 'तरुण भारत' मोठ्यानं वाचा, अग्रलेखापासून बाजारभावापर्यंत. विषय त्याला कळत नाही, तुमचा आवाज ओळखीचा होतो. एकदाच तासभर बसण्यापेक्षा दिवसातून तीन-चार वेळा थोडं थोडं बसणं जास्त लागू पडतं. पहाटे आणि दिवेलागणीला मांजर आपणहून जागं आणि चपळ असतं, त्या वेळा साधा. दुपारी झोपेतून उठवून ओळख वाढवायला जाल तर उलटं फळ मिळेल.

डोळ्यांत रोखून बघणं मांजराला धमकी वाटते. नजरानजर झालीच तर पापण्या सावकाश मिटा, सावकाश उघडा आणि नजर बाजूला घ्या. हा मांजरवेड्यांचा भाबडेपणा म्हणून मी बाजूला ठेवला असता, पण इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० साली हे तपासून बघितलं. माणसानं असे डोळे मिटले तर मांजरंही डोळे बारीक करून उत्तर देतात, आणि अनोळखी माणसानं आधी असं केलं तर त्याच्या पुढं केलेल्या हाताकडं जास्त येतात, असं त्यांना आढळलं.

पिल्लू हातभर अंतरावर आलं की एक बोट त्याच्या नाकाच्या उंचीला धरा आणि थांबा. ते वास घेईल. गाल घासला तर गालावर, हनुवटीखाली, कानाच्या मुळाशी हलकं खाजवा. दोन-तीन वेळा खाजवून हात मागं घ्या आणि बघा. पुन्हा डोकं पुढं आलं तर परवानगी आहे, नाही आलं तर आजचं झालं. वरून डोक्यावर येणारा हात त्याला घारीच्या झडपेसारखा वाटतो, आणि पाहुणे नेमका तसाच हात घालतात. पोट दाखवून लोळलं म्हणजे पोटाला हात लावा असा अर्थ होत नाही. शेपटीचं टोक आपटायला लागलं, कान मागं पडले, पाठीची कातडी थरथरली, की हात काढा. घुरघुर नेहमीच आनंदाची नसते, दुखत असलं तरी मांजर घुरघुरतं, म्हणून कान आणि शेपटीवर जास्त विश्वास ठेवा.

फिसकारलं म्हणून ओरडायचं नाही, नाकावर टिचकी मारायची नाही, मानगूट धरून उचलायचं नाही. आई मानेला धरते ते चार-पाच आठवड्यांच्या जिवाला, आणि ती आई असते. फिस्स म्हणजे "लांब राहा" एवढंच. ते ऐकलंत तर पुढच्या वेळी नख बाहेर काढायची गरज त्याला पडत नाही.

चावलं किंवा ओरबाडून रक्त आलं तर जखम साबणानं, वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि रेबीजच्या लसीसाठी सरकारी दवाखान्यात जा. रस्त्यावरून आणलेल्या, लस न झालेल्या पिल्लाच्या बाबतीत "एवढ्याशानं काय होतंय" हे बोलणं महागात पडतं. हळद-चुना भरून घरी बसू नका.

वाटी कुणाच्या हातात आहे

दिवसभर भरलेली वाटी खोलीत पडून असली की पिल्लाला तुमची गरज उरत नाही. जेवण तीन-चार वेळा द्या आणि प्रत्येक वेळी वाटी तुम्हीच घेऊन जा, ठेवा, आणि लांब बसून राहा. वाटी रोज वीतभर तुमच्या जवळ सरकवा. ते जेवताना हात लावायचा मोह आवरा, तो सौदा मोडतो. पुढं लांब दांड्याच्या चमच्यावर थोडं उकडलेलं चिकन, मग छोट्या चमच्यावर, मग बोटावर. चिकन मिठाशिवाय, कांदा-लसूण न घालता उकडलेलं. कांदा-लसणानं मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, म्हणून रश्श्यातला तुकडा काढून धुऊन दिला तरी चालत नाही. सुकी मासळी खारट असते, तिचा नुसता वास दाखवला तरी पिल्लू बाहेर येतं, पण पोट त्यावर भरू नका.

दुधाचं काय, हा प्रश्न येतोच. आपल्या घरांत मांजर म्हणजे दूध-भाकरी असं समीकरण पिढ्यान्पिढ्या आहे. आजीला दुखवायचं नसेल तर वाद घालू नका, पण पिल्लाला ढाळ लागले तर आधी गाईचं दूध बंद करा. ते बऱ्याच पिल्लांना पचत नाही, आणि पोट दुखणारं पिल्लू माणसाजवळ येत नाही. शाकाहारी घरांत मोठी पंचाईत असते. दही-भातावर मांजर जगताना दिसतं ते बाहेर उंदीर, पाली, चिमण्या मारून भर काढत असतं. बंद खोलीत ठेवलेल्या पिल्लाला ती सोय नाही. टॉरिन नावाचं द्रव्य त्याला मांसातूनच मिळतं आणि ते कमी पडलं तर पुढं डोळे जातात, हृदय कमजोर होतं. घरात चिकन शिजवायचं नसेल तर पिल्लांसाठीचं तयार खाद्य आणा. तेही जमणार नसेल तर मांजर पाळू नये, असं माझं स्पष्ट मत.

खेळ हा दुसरा चमचा. काठीला दोरी, दोरीला चिंधी, आणि ती चिंधी पिल्लापासून लांब पळवायची, त्याच्या अंगावर नाही. शिकार कधी अंगावर येत नसते. लपलेलं पिल्लू चिंधीसाठी खोक्यातून पुढचा पंजा काढतं, तिथून गोष्टी भराभर सुटतात. खेळ संपला की दोरी उचलून ठेवा, गिळली तर आतड्यात अडकते. बोटांनी खेळवू नका. आज दुधाचे दात गुदगुल्या करतात, चार महिन्यांनी करणार नाहीत.

मोठ्या घरात पहिले काही दिवस एकाच माणसानं हे सगळं करावं. ते कोण, यावरून पोरांत भांडणं होतात. सगळ्यात कमी बोलणाऱ्याला निवडा. बाकीच्यांनी आपला वापरलेला रुमाल खोलीत ठेवावा, म्हणजे वासाची ओळख आधी होते. मग एकेक जण वाटी घेऊन जाईल. घरात आधीचा बोका किंवा कुत्रा असेल तर त्यांची भेट दाराआडूनच, पिल्लू माणसाला रुळल्यावर.

पुन्हा लपलं तर नेमकं काय करायचं

लोक दोन टोकं गाठतात. काही जण "आता सोडूनच द्या त्याला" म्हणून खोलीत जाणंच बंद करतात, काही जण उलट दुप्पट लाड सुरू करतात. दोन्हीनं लांबतं. जिथं शेवटचं सगळं ठीक होतं त्या पायरीवर जा. बोटावरून खात होतं आणि आता येत नाही? चमच्यावर या. चमच्यालाही येत नाही? वाटी ठेवून लांब बसा. पहिल्या दिवसापासून सुरुवात करायची गरज सहसा पडत नाही. दुसऱ्या वेळी गाडी लवकर रुळावर येते, कारण जे शिकलं ते विसरलेलं नसतं, भीती वर आलेली असते. दोन दिवसांत खाण्याची पायरीही जमली नाही तर वरच्या दुखण्याच्या परिच्छेदाकडं परत जा.

आणि कधी कधी काही बिघडलेलंच नसतं. "पूर्वी शेजारी बसायचं, आता खोलीभर फिरतं, माझ्याकडं बघतही नाही" अशी तक्रार येते. अमेरिकेतल्या ओरेगन स्टेट विद्यापीठात २०१९ साली पिल्लांना मालकासोबत अनोळखी खोलीत ठेवून, मालकाला दोन मिनिटं बाहेर पाठवून, परत आल्यावर पिल्लू काय करतं ते बघितलं गेलं. साधारण ६४ टक्के पिल्लांचं मालकाशी घट्ट नातं दिसलं. त्या पिल्लांची खूण अशी की मालक आल्यावर ती निवळायची, आणि मालकाकडं लक्ष ठेवत ठेवत पुन्हा खोली धुंडाळायला लागायची. तेव्हा फिरणारं, वास घेणारं, मधूनच वळून तुम्हाला बघून जाणारं पिल्लू हे जमलेलं पिल्लू आहे. मांडीवर बसण्याच्या हट्टापायी त्याला उचलून आणू नका.

पुढचे दोन धक्के आधीच माहीत असलेले बरे. पहिला लसीकरणाचा. सहा-आठ आठवड्यांपासून लसी सुरू होतात, तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं सोळाव्या आठवड्यापर्यंत चालतात, रेबीजची साधारण तीन महिन्यांना. प्रत्येक फेरीनंतर दिवसभर तोंड फिरवणं चालायचंच. दवाखान्यात न्यायची पिशवी किंवा पिंजरा आयत्या वेळी काढू नका, तो महिनाभर खोलीत उघडा पडू द्या, आत अधूनमधून खाऊ टाका. दुसरा धक्का चार ते सहा महिन्यांच्या दरम्यानच्या ऑपरेशनचा. ते करून घ्या, नाहीतर पुढच्या मिरगाला गंजीत आणखी पिल्लं. ऑपरेशनवरून आलेल्या मांजराला दवाखान्याचा वास असतो, गुंगी असते, आणि घरातला आधीचा बोका त्यालाच ओळखत नाही, फिसकारतो. दोघांना एक-दोन दिवस वेगळं ठेवा, त्याला त्याच पहिल्या छोट्या खोलीत न्या. टाके चाटत असेल, सूज वाढली असेल किंवा दुसऱ्या दिवशीही खात नसेल तर दवाखान्यात फोन करा.